पपईला पहारा, मशेरीला मोकळं रान

गेल्या रविवारी सांगलीला भाचीचं डोहाळजेवण झालं. सातवा महिना. हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि राज्यात २०१८पासून सजावटीला बंदी असलेल्या थर्माकोलचा भलामोठा चांदोबा. त्या चांदोबात भाचीला बसवून सगळ्यांचे फोटो काढून झाले, मग फ्रूट सॅलडचे कप फिरले. पोरीने पहिला चमचा तोंडाशी नेला, एवढ्यात मागून आरोळी आली, "अगं थांब, त्यात पपई आहे!"

कपातून फुरसं निघावं तशी पळापळ झाली. जावेने चमचा हिसकावला. नणंदेने कप बदलून आणला. केटररला बोलावून चारचौघांत झापलं. तो बिचारा "पिकलेली होती हो" एवढंच पुटपुटला, पण त्याचं ऐकतो कोण. आजेसासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, तेव्हा कुठे पंगत बसली.

जेवणं झाल्यावर मी हात धुवायला मागच्या मोरीकडे गेले. तिथे भांडी घासायला आलेली एक पोर गालाला हात लावून बसली होती. पाचवा महिना दिसत होता. दाढ ठणकत होती. आजेसासूबाई वाऱ्याला म्हणून तिथेच खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांनी मायेने कनवटीची डबी काढली, पोरीच्या तळहातावर चिमूटभर काळी पूड ठेवली आणि म्हणाल्या, "लाव जरा. दाढ गप बसंल." पोरीने मशेरी हिरडीवर फिरवली. जाऊ तिथेच होती, नणंद होती, मीही होते. "थांब" कुणी म्हणालं नाही.

मला ते एसटीत बसल्यावर सुचलं. म्हणून या आठवड्याचं सदर.

आधी पपईचा निकाल लावू. कच्च्या पपईला चीक असतो आणि त्या चिकाने गर्भाशय आकसू शकतं, यात तथ्य आहे. २००२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर हे करून पाहिलं. पपईच्या चिकाने उंदरिणीच्या गर्भाशयाची पट्टी आकसली; पिकलेल्या पपईच्या रसाने ती ढिम्म हलली नाही. गाभण उंदरिणींना पिकलेली पपई खाऊ घातली, तर त्यांच्या गर्भांना काही झालं नाही. म्हणजे जुन्या बायांची भीती हवेतली नव्हती. ती कच्च्या फळाची होती. फळ पिकलं तरी आपण भीती सोडली नाही एवढंच. कच्च्या पपईची भाजी, कोशिंबीर नऊ महिने नको. पूर्ण पिकलेली, केशरी फोड खाल्ली तर पोट साफ होतं, आणि ज्यांना दिवस गेलेत त्यांना विचारा, ते लहान सुख नाही.

गंमत म्हणजे त्याच फ्रूट सॅलडवर लाल-हिरवी टुटीफ्रुटी भुरभुरलेली होती. ती आपल्याकडे कच्च्या पपईचीच करतात. उकळून पाकात मुरवली की चिकाचं फारसं काही उरत नाही, ते सोडा. पण तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. रंग बदलून आलं की आपल्याकडे कुणालाही प्रवेश मिळतो.

आता मशेरी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, एवढीच तिची ओळख. ती दात घासायची पूड समजली जाते, म्हणून व्यसनात धरत नाहीत. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बायका ती ओढत नव्हत्या, तोंडात धरत नाहीतर दाताला लावत होत्या. बहुतेक जणी मशेरीवाल्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. १०५ ग्रॅम म्हणजे पाच-सहा पेढे. पण अडीच किलोच्या अलीकडे की पलीकडे, यावर बाळाचे पहिले दिवस कसे जाणार ते ठरतं, तिथे पाच-सहा पेढे फार होतात.

उंदरिणीही जिला घाबरल्या नाहीत त्या पिकल्या पपईवर पहारा. आणि आपल्याच मुंबईतल्या बायांवर तपासून सिद्ध झालेली गोष्ट कनवटीला. त्या पोरीची दाढ दंतवैद्याकडे न्यायला हवी होती. गरोदरपणात दाढेचा इलाज करता येतो, जागेपुरती भूल देऊनही. पण "दिवस गेलेत, आता दाताला हात लावायचा नाही" हे आपण सांगतो, आणि वर त्याच दाताला तंबाखू लावतो.

उलट्यांकडे वळते. 'मॉर्निंग सिकनेस' हे नाव ठेवणारा पुरुष असणार आणि दुपारी घरी नसणार. दहातल्या सात-आठ जणींना मळमळतं. सकाळी, दुपारी, रात्री, आणि शेजारच्यांनी लसणाची फोडणी घातली की हमखास. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर "मनाचे खेळ" नाहीतर "कामाचा कंटाळा" अशी दोन निदानं होती. २०२३ साली 'नेचर'मध्ये एक तिसरं आलं. वार आणि बाळ मिळून जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. ज्या बाईच्या शरीराला ते आधीपासून थोडं सवयीचं असतं तिला कमी त्रास. जिच्या रक्तात ते आधी अगदीच कमी होतं, तिला एकदम मारा झाला की पाणीही टिकत नाही. थॅलेसेमियाच्या एका प्रकारात हे संप्रेरक मुळातच भरपूर असतं. त्या बायकांना उलट्या फारशा होत नाहीत, असंही त्याच संशोधनात दिसलं. सासूबाईंना हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा.

"औषध घेऊ नकोस, बाळाला बाधेल" हे वाक्य मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्याला इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आलं. झोपेची निर्धोक गोळी म्हणून आलं आणि मळमळीवरही सर्रास दिलं गेलं. १९६१च्या नोव्हेंबरात ते मागे घेईपर्यंत जगभरात १० हजारांवर मुलं अर्धवट वाढलेल्या हातापायांनी, किंवा त्यांच्याशिवायच जन्मली होती. अमेरिकेत ही गोळी विकायला परवानगी मिळाली नाही, कारण तिथल्या औषध खात्यात नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी फाइल अडवून धरली. कंपनी तगादा लावत होती. बाई दर वेळी आणखी पुरावा मागत होत्या. सरकारी कचेरीत फाइल अडल्याबद्दल कुणाचे आभार मानायचे असतील तर यांचे.

पण दुसरं टोकही ऐका. अमेरिकेत मळमळीवर बेंडेक्टिन नावाची गोळी होती: डॉक्सिलामाइन आणि ब जीवनसत्त्वातलं पायरिडॉक्सिन. थॅलिडोमाइडच्या धक्क्याने तिच्यावरही खटल्यांचा पाऊस पडला. अभ्यासामागून अभ्यास झाले, दोष सापडला नाही. तरी वकिलांना कंटाळून कंपनीने १९८३ साली ती बंद केली. पुढे काय झालं? बाळांमधली व्यंगं कमी झाली नाहीत. उलट्यांनी दवाखान्यात भरती होणाऱ्या बायका तेवढ्या वाढल्या. तीच दोन औषधं २०१३ साली नव्या नावाने तिथे पुन्हा मंजूर झाली. आपल्याकडे डॉक्टर मळमळीवर हीच जोडगोळी लिहून देतात. भाचीने तिसऱ्या महिन्यात चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि गोळ्या घेतल्याच नाहीत, "कशाला उगाच" म्हणून. सहा किलो वजन उतरलं, सलाइन लावावं लागलं. दिवसभर पाणीही ठरत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर आल्याचा तुकडा चघळत बसू नये. दवाखाना गाठावा.

थोडक्यात उरकण्यासारखे प्रश्न थोडक्यात उरकते.

केशराच्या दुधाने बाळ गोरं होतं का? कातडीचा रंग आईबापाच्या जनुकांतून येतो. काळ्या म्हशीचं दूध पांढरं असतं, यापलीकडे दुधाचा आणि रंगाचा संबंध मला कुठे सापडला नाही. तुपाने वाट गुळगुळीत होते का? तूप पोटात जातं. बाळाचा रस्ता वेगळा आहे. चहा? दोन कप खुशाल. कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, एवढंच डॉक्टर सांगतात. रिक्षाच्या धक्क्यांनी काही होतं का? गर्भ पाण्याच्या पिशवीत असतो, मागच्या सीटवर नसतो. आपल्या रस्त्यांनी गर्भ पडत असते, तर महाराष्ट्राची लोकसंख्या केव्हाच आटोक्यात आली असती. सोनोग्राफीची किरणं लागतात का? किरणं नसतातच त्यात. तो आवाज आहे, आपल्या कानांना ऐकू न येणारा.

डाव्याच कुशीवर झोपायचं का? अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून झोपी जाताना कुशीवर असावं, कारण उताणं झोपण्याचा आणि पोटातच बाळ दगावण्याचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन:पुन्हा दिसला आहे. पण त्यात डावी कूस आणि उजवी कूस यांत फरक निघाला नाही. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं लक्षात आलं, तर घाबरून नवऱ्याला उठवू नका. कूस वळा आणि झोपा.

"दोन जिवांचं खा." डोहाळे हा शब्दच मुळी दोन हृदयांवरून आला. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून ती दोन हृदयांची, तिच्या इच्छा पुरवा, असं सुश्रुताने सांगितलं. त्याने हृदयं दोन म्हटली होती. पोटं आपण वाढवली. आयसीएमआरच्या हिशेबाने गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्तीच्या लागतात: दोन पोळ्या आणि वाटीभर आमटी. नवऱ्याच्या ताटाएवढं दुसरं ताट लागत नाही. डोहाळ्यांतला एक मात्र पुरवण्याऐवजी तपासावा. पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, राख खावीशी वाटते ना? ते बऱ्याचदा रक्तात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. माती आणून देण्याआधी हिमोग्लोबिन बघा.

ग्रहणाला मात्र थोडी जागा द्यावी लागेल, मानाचं आहे.

७ सप्टेंबर २०२५. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री खग्रास चंद्रग्रहण. आमच्या सोसायटीतली एक सून तेव्हा आठव्या महिन्यात. दुपारीच वेध लागले म्हणून पाणी बंद. सुरी, सुई, साडीची पिन, केसांतला चाप, सगळं काढून घेतलं आणि ग्रहण सुटेपर्यंत ताठ बसवून ठेवलं; वाकली तर बाळ वाकडं, चिरलं तर ओठ फाटका. खुद्द पंचांगांत गर्भवतींसाठी वेधाचा काळ कमी सांगितलेला असतो. सासूबाई पंचांगाच्याही पुढे होत्या. रात्री दीड वाजता पोरीच्या पायांत गोळे आले ते ग्रहणाने आले असं अजून त्या घरात मानतात.

बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. म्हणजे पाळी चुकल्याची नीट खात्री पटते न पटते तोवर ते काम आटोपलेलं असतं. आठव्या महिन्यातलं ग्रहण त्याला काय करणार? ओठ दुभंगण्यामागे जनुकं असतात, आईचं धूम्रपान, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, फिटवरची काही औषधं असतात. यांतलं एकही राहूच्या हातात नाही. मेक्सिकोतही ग्रहणाने ओठ फाटतो हीच समजूत आहे. पण तिथल्या बायका ग्रहणात पोटाजवळ मुद्दाम सेफ्टी पिन लावतात. आपल्याकडे पिन काढायची, त्यांच्याकडे लावायची. चंद्र मात्र एकच. त्याने नेमकं कुणाचं ऐकावं?

एवढं लिहून मी स्वतःवर खूश होणार होते, की बघा आपण किती मागासलेले. पण त्या ग्रहणाला पंधरा दिवस झाले आणि २२ सप्टेंबरला थेट व्हाइट हाउसमधून अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदर बायकांना सांगितलं की टायलेनॉल घेऊ नका, त्याने ऑटिझम होतो, ताप आला तर सोसा. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला होता. एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी तिने गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. अशी तुलना केल्यावर गोळीचा आणि ऑटिझमचा संबंध उरला नाही. अंगात मुरलेला कडक ताप मात्र गर्भाला खरोखर बाधू शकतो, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. डॉक्टरांना विचारून, लागेल तेवढंच पॅरासिटामॉल घ्यावं, हा सल्ला ग्रहणाआधी होता आणि नंतरही आहे. टाळायची ती पाठदुखीला मेडिकलवाला न विचारता काढून देतो ती गोळी, जिच्यात आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असतं. विसाव्या आठवड्यानंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकते. पण तिच्यावर ना राहूचा राग, ना अध्यक्षांचा.

डोहाळजेवणाकडे परत येते. शेवटी तो खेळ झालाच: दोन वाट्या पालथ्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी, उचल बघू एक. पेढा म्हणजे मुलगा. गर्भलिंग तपासण्यावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, देशाचा १९९४ साली आला. वाट्या पालथ्या घालणाऱ्या जावेला त्यातलं एकही कलम लागत नाही, हे तिचं नशीब. भाचीने बर्फी काढली. हॉलभर "लक्ष्मी येणार गं" झालं, पण आधी एक पाव सेकंदाचा विराम पडला. तो मी ऐकला.

पोट वर की खाली, टोकदार की पसरट, यावरूनही अंदाज बांधून झाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी १९९९ साली हेच तपासलं: १०४ बायकांना त्यांचा अंदाज विचारला आणि बाळंत होईपर्यंत वाट पाहिली. ५५ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. पोटाच्या आकारावरून काहीही कळलं नाही.

पण सगळ्याच आज्या हरल्या असं म्हणू नका. छातीत जळजळ फार झाली की बाळाला जावळ भरपूर, असं म्हणतात ना? त्याच जॉन्स हॉपकिन्समधल्या काही संशोधकांनी ही समजूत एकदाची खोडून काढायची म्हणून ६४ बायकांच्या जळजळीची नोंद ठेवली आणि बाळं जन्मल्यावर त्यांच्या डोक्यांचे फोटो तिऱ्हाइतांना दाखवले. २००६ साली त्यांना नाइलाजाने लिहावं लागलं की आजी बरोबर आहे. ज्यांना जास्त जळजळ, त्यांची बाळं बहुधा केसाळ. कारण म्हणून संप्रेरकांकडे बोट दाखवतात. मला हा अभ्यास फार आवडतो. पुरावा म्हणजे आजीचं थोबाड फोडायचं हत्यार नसतं. कधी तो तिच्या बाजूनेही साक्ष देतो.

एक जुनी गोष्ट सांगते आणि लगेच पुढे जाते. १९८९ साली माझं पहिलं राहिलं नाही. नववा आठवडा. आदल्या दिवशी मी दोरीवरचे कपडे काढायला हात वर केले होते, आणि पाण्याची बादली दुसऱ्या मजल्यावर नेली होती. ही बादली पुढे कितीतरी वर्षं माझ्या संसारात होती. कुणी तोंडावर म्हणत नसे, पण दर मंगळागौरीला ती कुठून तरी निघायची. लक्षात आलेल्या दहा गर्भांपैकी एक-दोन गळून पडतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्यांतल्या निम्म्यांत तरी गुणसूत्रांचा हिशेब मुळातच चुकलेला असतो. तो गर्भधारणेच्या घडीला चुकतो. बादलीच्या कितीतरी आधी. हे मला पन्नाशीत कळलं. हात वर केल्याने नाळ गळ्याभोवती बसते हेही खरं नाही. बाळ आपल्या आपण फिरत असतं आणि चार-पाच बाळांमागे एक तसं वेढा घेऊनच येतं, बहुतेक वेळा सुखरूप.

पपई, पिन, बादली, बर्फी. यांत एक साम्य दिसतं का? सगळी बंधनं तिच्यावर. घरात सिगरेट ओढणाऱ्या नवऱ्याला गॅलरीत जा म्हणणारी चालरीत अजून कुठल्या व्रतात मी वाचली नाही.

आणि विचारायचे ते प्रश्न कुणी विचारत नाही. भाचीच्या पायांना सूज होती. "येतेच गं सातव्यात" म्हणून पाच जणींनी तिला निकालात काढलं. पायांना संध्याकाळी येते, हे बरोबर. पण तिच्या बोटातली अंगठी निघत नव्हती. ती साबण लावून काढताना सगळ्या हसत होत्या. चेहरा आणि हात सुजणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं: विसाव्या आठवड्यानंतर यांतलं काहीही झालं तर आधी रक्तदाब मोजायचा. १४०/९०च्या वर गेला आणि लघवीत प्रथिनं आली, तर तो प्रीएक्लॅम्पसिया, ज्याचं पुढचं पाऊल झटके. त्या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे जुनं, स्वस्त औषध आहे. २००२ साली १० हजारांवर बायकांवर घेतलेल्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. पण ते दवाखान्यात मिळतं, आणि दवाखान्यात जायला आधी कुणीतरी मशीन लावून दाब मोजावा लागतो. मी तिला त्याच संध्याकाळी घेऊन गेले. १२६/८२ निघाला. दोन दिवसांनी पुन्हा मोजायला सांगितलंय.

दुसरं: "शेवटी शेवटी जागा कमी पडते, मग बाळ हलत नाही." हे वाक्य मी तीन बायकांच्या तोंडून ऐकलं आणि तिन्ही शिकलेल्या होत्या. साफ चूक. हालचालीची तऱ्हा बदलेल, पण ती शेवटपर्यंत कमी होता कामा नये. रोजच्यापेक्षा कमी वाटली तर गार पाणी पिऊन, गोड खाऊन वाट बघत सकाळ करायची नाही. त्याच रात्री निघायचं. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटते, पुरळ मात्र नाही, तर तीही उष्णतेची नसते, यकृताची असू शकते, रक्त तपासावं. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं हे सांगायला नको, असं मला वाटायचं. सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट भाचीच्या टेबलाच्या खणात निघाली. लोहाच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं, नऊ. "त्याने बाळ काळं होतं म्हणतात, मावशी." बाळ होत नाही गं. गोळीने काळी होते ती शी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी निघाल्या, आणि सरकार प्रत्येकीला १८० दिवस पुरतील एवढ्या गोळ्या फुकट देतं. त्या दोन आकड्यांच्या मधे हा खण आहे. गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवावी. भाचीने त्या रात्रीपासून सुरू केली. खण मी रिकामा करून आले.

मोरीपाशी बसलेल्या त्या पोरीचं नाव मी विचारलं नव्हतं. केटररला फोन केला. तो म्हणाला, रोजावर येतात ताई, कोण कुठली काय माहीत.

२०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, सगळं. तुमच्याकडे भांड्यांना येणारी बाई दिवसांची असेल, तर येत्या ९ तारखेला तिला सुट्टी द्या. पगार न कापता.